सगळ्यांचं उत्तर ‘नाही’

संशय हा माझा स्वभाव आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. माझे वडील आकुर्डीला दुचाकीच्या कारखान्यात फिटर होते. कंपनीने पुढे केलेल्या कुठल्याही कागदाची ते आधी मागची बाजू बघत आणि मग पुढची. वस्तीतल्या बुद्धविहारातून सहलीचा कागद आला तरी तेच. “फुकट आणि वर आपल्या भल्याचं असं कुणी काही देत असेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय समजायचं,” असं ते म्हणत. मी नर्स झाले, चाकणच्या एका मोठ्या कारखान्याच्या दवाखान्यात लागले, चिखलीला फ्लॅट घेतला, पण ही सवय सुटली नाही. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर घातली तरी मी जुडी उलटीपालटी करून बघते.

कारखान्यात या स्वभावाला किंमत होती. बाहेरून ऑडिटवाले आले की ते कामगारांना मध्येच थांबवून प्रश्न विचारतात. आग लागली तर कुठे जाल? ओव्हरटाइमची जबरदस्ती होते का? म्हणून आठवडाभर आधीच प्रत्येक लाइनवर उत्तरं पाठ करून घेतली जातात. आमच्या इमर्जन्सी टीमची उत्तरं मी पाठ करून घ्यायचे. आगीचे पाइप सांभाळणारे, प्रथमोपचारवाले, गेटवरचे गार्ड, रुग्णवाहिका अशी आमची चाळीस माणसं. थोडं बोला, हसून बोला आणि विचारलं त्याच्या पुढे एक पाऊल टाकू नका, ही माझी शिकवण. आमची टीम एकाही ऑडिटमध्ये अडकली नव्हती, आणि त्याचं श्रेय मी अगदी उघडपणे घेत असे.

गेल्या वर्षी नोटीस बोर्डवर कागद लागला. दहशतवादी हल्ला झाला तर आसपासच्या कारखान्यांच्या टीमही मदतीला बोलावल्या जातील, आणि अशा वेळी मदत करणाऱ्याच्या मनावर काय परिणाम होतो, याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे. मी कागद दोनदा वाचला. मागची बाजू बघायची सोय नव्हती, तो चिकटवलेला होता.

फायर ड्रिल मला समजतं. स्ट्रेचर कसं उचलायचं, तेही समजतं. पण आमच्या मनाची सर्व्हिसिंग करायचं कंपनीला कधीपासून सुचायला लागलं? गेटवरचे गार्ड म्हणत होते, वरून काहीतरी खबर आलीय, आपल्याला सांगत नाहीत एवढंच. मला तेही पटत होतं, पण माझा खरा संशय वेगळा होता. टीममधले निम्म्याहून जास्त लोक ठेकेदाराचे होते आणि त्यांची कॉन्ट्रॅक्ट महिन्याभरात संपत होती. अशा वेळी कोण आतून कच्चं आहे हे कुणाला जाणून घ्यायचं असेल, तर याहून सोपा रस्ता कुठला?

पहिल्या दिवशी कँटीनशेजारच्या हॉलमध्ये आम्ही बसलो. शिकवायला आलेल्या मॅडम पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, आवाज इतका हळू की पंखे बंद करावे लागले. त्यांनी आल्या आल्या हसून सगळ्यांची विचारपूस केली, तिथेच मी सावध झाले. त्या म्हणाल्या, “अपघात मुद्दाम कुणी करत नाही. हल्ला कुणीतरी मुद्दाम केलेला असतो. मदतीला धावणाऱ्याच्या डोक्यात तेच बसतं, की आपल्यासारख्याच माणसाने हे केलं. मग तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे तसंच बघायला लागतो.” पुढे त्यांनी सांगितलं, की पहिल्या स्फोटाला जे धावून जातात त्यांच्यासाठी दुसरा ठेवलेला असू शकतो, म्हणून तिथे प्रत्येक पिशवीचा संशय घ्यायचा. “पण ड्युटी संपल्यावर तो संशय गेटवर ठेवून घरी कसं जायचं, हे कुणी शिकवत नाही. मी ते शिकवायला आले आहे.”

मला वाटलं, ही बाई माझ्याबद्दलच बोलतेय, आणि मला तिचा राग आला.

तेवढ्यात हॉलच्या मागच्या खिडकीखाली एक बेवारशी पिशवी दिसली. पिशवी तिथे सकाळपासून होती, पण आता चाळीस डोकी तिकडे वळली. एका गार्डने काठीने तिची कड उचलली. आत बाजरीची भाकरी, ठेचा आणि कांदा. “आरं, माझी हाय ती!” मागून आवाज आला आणि सगळे हसले. आवाज मामांचा होता.

मामा म्हणजे आमच्या रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर. दिघीच्या जुन्या घराण्यातले, पन्नाशी ओलांडलेले. शेती प्लॉटिंगमध्ये गेली, भावांनी बंगले बांधले, यांनी स्टिअरिंग धरलं. माणूस ठेकेदाराचा, दर वर्षी कॉन्ट्रॅक्ट नवं. सहा वर्षं मी त्यांच्या गाडीत मागे बसत आले होते आणि त्यांच्यासारखा गचका न देता गाडी चालवणारा दुसरा ड्रायव्हर मी पाहिलेला नाही.

जेवणानंतर मॅडमनी एक फॉर्म काढला आणि वाटायला माझ्याकडे दिला. वीस प्रश्न. झोपेत दचकता का? एखादा आवाज, जागा, वास टाळता का? जुना प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो का? घरी यातलं कुणाशी बोलता का? “नाव लिहायचं नाही,” मॅडम म्हणाल्या. “कुणी काय लिहिलं हे मलाही कळणार नाही. चहा घेऊन या आणि मग निवांत भरा.”

फॉर्म वाटताना मी सवयीने कोपरा बघितला. उजवीकडे वर लाल शाईत बारीक आकडा होता. पुढच्या कागदावर त्याच्या पुढचा आकडा. मी हजेरीपटाच्या क्रमानेच फॉर्म वाटत होते. म्हणजे नाव लिहायची गरजच नव्हती. नाव आकड्यातच होतं. खोटं कशाला बोलू, मला थोडा आनंदच झाला. चोर सापडला की होतो तसा.

चहाला कँटीनच्या मागे मी सगळ्यांना जमवलं. “नंबर बघितले का? हे ऑडिट आहे, बाकी काही नाही. वीसच्या वीस प्रश्नांना ‘नाही’. घरी बोलता का, यालाही ‘नाही’, बोलण्यासारखं काही नाहीच. कुणी शहाणपणा करू नका.” लोकांनी माना डोलावल्या. एक गार्ड म्हणाला, “सिस्टर आहे म्हणून आपण आहोत राव.” मला ते ऐकायला आवडलं.

सगळे पांगल्यावर मामा तिथेच उभे राहिले. कागद त्यांनी चार घड्या घालून खिशात ठेवला होता.

“सिस्टर, मला एका ठिकानी ‘व्हय’ लिवायचंय.”

“कुठल्या?”

“ते पुन्ना पुन्ना डोळ्यांपुढं येतंय का, तिथं.”

मग त्यांनी सांगितलं. ते तरुणपणी दुसऱ्या एका शहरात रुग्णवाहिकेवर होते, तेव्हा तिथल्या बाजारात बॉम्ब फुटला होता. त्यांच्या गाडीत घातलेला एक माणूस शुद्धीवर होता. पुढच्या आणि मागच्या भागामध्ये असते त्या छोट्या खिडकीतून तो विचारत होता, ‘आलं का हास्पिटल?’ मामा म्हणाले, “म्या म्हनायचो, आलंच. रस्ता समदा जाम. त्यो पुन्ना इचारायचा, म्या पुन्ना म्हनायचो, आलंच. चार येळा झालं आसंल. मंग त्यानं इचारायचं सोडलं. म्या आपला आलंच आलंच म्हनतच हुतो.” ते कँटीनच्या भिंतीकडे बघत बोलत होते. “आता घरून फोन आला, किती लांब हाय म्हनून, तर मला ‘आलोच’ म्हनवत न्हाई. म्या फोनच घेत न्हाई. बायकू म्हनती, मानूस तिरसट झाला.”

मला त्यांची फार कणव आली. सहा वर्षं मी त्या खिडकीच्या मागे बसत होते आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण कणव आली तसा माझा संशयही दुप्पट झाला. महिन्याभरात कॉन्ट्रॅक्ट, आणि हा माणूस लाल आकड्याच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून देणार, की मला रुग्णवाहिका चालवताना असं होतं! घरात धाकट्या मुलीचं इंजिनिअरिंग चालू होतं. मी म्हणाले, “मामा, मला सांगितलंत ना, बास झालं. कागदावर नको. हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“पर त्या म्याडम म्हनल्या, लिवलं की हलकं वाटतं.”

“त्यांना म्हणायला काय जातंय! त्या तीन दिवसांनी जातील. तुम्हाला इथेच राहायचंय.”

मग खिशातून कागद काढून माझ्याच पेनने त्यांनी ‘नाही’ लिहिलं. “तुमी म्हनता तर न्हाई,” म्हणाले आणि आत गेले.

संध्याकाळी निघताना मॅडमनी सांगितलं, की उद्या हल्ल्याचा सराव आहे. स्फोटाचा मोठा आवाज होईल, धूर होईल, रंग लावलेले जखमी असतील. ज्याला यात उतरायचं नसेल त्याने कंट्रोल रूममध्ये बसून नोंदी करायच्या, त्याचं कारण कुणी विचारणार नाही. मी शेजारच्या बाईला कोपराने ढोसलं. “हा दुसरा सापळा.” तिने ते पुढे सांगितलं. एकही हात वर झाला नाही. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून ‘नाही’ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माल भरायच्या धक्क्यावर आवाज झाला. मी मामांकडेच बघत होते. ते दचकलेही नाहीत. दिघीला त्यांचं घर लष्कराच्या हद्दीला लागून, सरावाचे आवाज कानांना सवयीचे. मी मनात म्हटलं, बघा, उगीच घाबरत होतो. जखमी म्हणून स्टोअरमधला एक क्लार्क गाडीत घातला. हा गडी भलताच हौशी. लाल रंग कमी पडला म्हणून त्याने मागून घेतला होता. कण्हून कण्हून त्याने माझं डोकं उठवलं. गाडी गेटबाहेर निघाली, महामार्गावरच्या हॉस्पिटलच्या दारापर्यंत जाऊन परत यायचं होतं. वजनकाट्याजवळ कंटेनरच्या रांगेमुळे वेग कमी झाला, तसं त्या क्लार्कने मान उचलून खिडकीतून हाक मारली, “मामा, आलं का हो हॉस्पिटल?”

गाडी थांबली. कडेला घेऊन नव्हे, भर रस्त्यात. मागून कंटेनरवाले हॉर्न मारायला लागले. मी उतरून पुढे गेले, दार उघडलं. मामांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी त्यांचं एकेक बोट सोडवलं. घामाने हात बर्फासारखा गार. मी नर्स आहे, असे हात मी पुष्कळ पाहिलेत. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तशी गत. माझ्या शेजारी खरा जखमी असता तर तो त्या वजनकाट्याजवळच गेला असता.

आणि तरीही वॉकीटॉकीवर मी काय सांगितलं? “गाडी बंद पडलीय.” क्लार्कला वाटलं, हाही सरावाचाच भाग. कंपनीच्या सुरक्षा विभागाचे प्रमुख, आमचे सेफ्टीचे सर, चिडले, गाडी गॅरेजला पाठवली, आणि गॅरेजवाल्याने तीन तास खटपट करून कळवलं की गाडीत काहीच बिघाड नाही.

मॅडमनी मला हॉलमध्ये थांबवून घेतलं. बाकीचे शिफ्टच्या बसला गेले होते. “गाडी बंद पडली नव्हती ना?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “पडली होती.” त्यांनी पिशवीतून फॉर्मचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. “चाळीस फॉर्म, सगळे एकसारखे. चाळीस माणसांत एकही झोपेत दचकत नाही. कुणीतरी पाठ करून घेतलंय एवढं मला पहिल्या दहातच कळलं. कोणी ते कळलं नव्हतं.”

मी आकड्यावर बोट ठेवलं. “आधी हे काय आहे ते सांगा.”

त्यांनी चष्मा वर करून आकडा बघितला. “हे मीही काल फॉर्म चाळताना पाहिलं. भोसरीच्या प्रेसमधून छापून घेतलेत. तो रोज कंपन्यांची माल पाठवायची चलनं छापतो, त्यावर नंबर लागतात. त्याने सवयीने माझ्या फॉर्मवरही टाकले. मी वाटायच्या आधी बघायला हवे होते. चूक माझी.”

माझा विश्वास बसला नाही. मग त्यांनी प्रेसचं पार्सल दाखवलं, वर दुसऱ्या कुणाच्या चलनाचा नमुनाच चुकून बांधलेला होता. तोच लाल आकडा, त्याच कोपऱ्यात. मी खुर्चीत बसले आणि सगळं सांगून टाकलं. कँटीनची मागची बाजू, सापळा, वजनकाटा. मामांची गोष्ट तेवढी सांगितली नाही, ती माझी नव्हती. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “उद्या सकाळी हे त्यांना तुम्हीच सांगा. माझं ते ऐकणार नाहीत.”

तिसऱ्या दिवशी मी चाळीस माणसांसमोर उभी राहिले. आकड्याची गोष्ट सांगितली. मग उरलेले कोरे फॉर्म वाटत म्हणाले, माझं चुकलं, मी दिलेली उत्तरं विसरा, कोपरा फाडून टाका आणि फॉर्म पुन्हा भरा, या वेळी खरा. लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती नजर मी ओळखली. ती मीच शिकवली होती. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “सिस्टरला आत बोलवून समजावलेलं दिसतंय.” दुसरा म्हणाला, “फुटली.” सहा वर्षं ज्यांची उत्तरं मी पाठ करून घेतली त्यांनी फॉर्म भरले. मला रडू येत होतं, पण त्यांनी तेही नाटकच धरलं असतं, म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

पुन्हा सगळे ‘नाही’. कोपरेही कुणी फाडले नव्हते, कारण फाडला तर संशय येईल असं त्यांना वाटलं. फक्त एका फॉर्मवर, एका प्रश्नापुढे, मोठ्या वळणदार अक्षरात ‘व्हय’ लिहिलं होतं.

दुपारी सेफ्टीच्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “सिस्टर, एक ‘हो’ आलाय असं कळलं. फॉर्मवर नंबर आहेत आणि वाटले तुम्ही. कोण आहे?” मॅडमनी फॉर्म द्यायला नकार दिला होता, पण गठ्ठा आवरताना कुणीतरी तो बघितला होता. सर वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, “उद्या खरंच काही झालं आणि हाच माणूस पुढे असला तर? मला माहीत नको?” म्हणजे प्रेसचा आकडा अनवधानाने पडलेला असला, तरी त्याचा उपयोग व्हायचा तोच होऊ घातला होता. माझा संशय बाईंच्या बाबतीत चुकला होता आणि कंपनीच्या बाबतीत बरोबर निघाला होता, आणि त्या बरोबर निघण्याचं मला जराही समाधान वाटलं नाही. सरांचा प्रश्नही खोटा नव्हता. वजनकाटा मी डोळ्यांनी पाहिला होता.

मी म्हणाले, “नंबर मी बघितलेच नाहीत, सर.”

“तुम्ही? आणि बघितले नाहीत?” सर हसले. मग हसू गेलं. “सिस्टर, विचार करून सांगा.”

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि मामा आत आले. टोपी हातात. “सायेब, त्यो फारम माझा हाय,” ते म्हणाले. “आन् काल गाडी बंद पडली न्हवती. म्याच बंद पडलो हुतो.” मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होते, गप्प बसा, अजून वेळ गेलेली नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

आठवड्याभरात मामांना रुग्णवाहिकेवरून उतरवलं. ठेकेदाराने कॉन्ट्रॅक्ट ठेवलं, पण स्टाफच्या बसवर, चिखलीहून मोशीमार्गे चाकण. रुग्णवाहिकेवर दुसरा ड्रायव्हर आला, तो खड्डा बघत नाही. मॅडम दर गुरुवारी मामांशी फोनवर बोलतात असं मी ऐकलं. मी मात्र महिनाभर त्यांची बस चुकवली. मुद्दाम पुढच्या बसने जायचे आणि उशिराची बोलणी खायचे.

शेवटी एका सकाळी मी त्यांच्या बसमध्ये चढले आणि ड्रायव्हरमागच्या सीटवर बसले. बाकी सगळे खिडकीला डोकं टेकून झोपलेले. मोशीच्या चौकात गाड्या अडकल्या तेव्हा मी म्हणाले, “मामा, मला माफ करा. मी तुमची नोकरी वाचवायला गेले आणि तुमची गाडीच गेली.”

त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि म्हणूनच मला ते झेपलं नाही.

“गाडीचं काय न्हाई वो,” ते म्हणाले. “पर तुमी मला वाचवाय निघाल्या हुत्या ना, तवा येकदा इचारायचं तरी. मला काय वाचवायचंय ते.”

सिग्नल सुटला. मी म्हणाले, “नाही विचारलं.” त्यांनी मान हलवली आणि गाडी गचका न देता पुढे काढली.